डाव्या हाताला कळता कामा नये

अर्पणाची पिशवी अजून तीन बाकं लांब होती आणि माझ्या खिशात दोनच नोटा होत्या. एक इतकी लहान, की टाकताना शेजारचा खोकला असता. दुसरी इतकी मोठी, की टाकल्यावर मीच खोकलो असतो. गीताचं शेवटचं कडवं सुरू झालं होतं. पिशवी अगदी तालात पुढे सरकत होती. मी लहान नोटेच्या घड्या घालायला घेतल्या. दोन, चार, आठ. नोट पोस्टाच्या तिकिटाएवढी झाली, मुठीत मावली आणि मूठ पिशवीत खोल जाऊन रिकामी होऊन आली. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण ज्यानं काढली, तो कधीतरी रविवारी असाच बाकावर अडकलेला असणार.

एरवी वर्षभर हे असं चालून जातं. नाताळ जवळ आला की चालत नाही. नाताळाआधीच्या चार रविवारांना आगमनकाळ म्हणतात. दर रविवारी वेदीजवळच्या हिरव्या चक्रातली एक मेणबत्ती पेटते. आशेची, शांतीची, आनंदाची, प्रीतीची. आमच्या मंडळीत प्रत्येक मेणबत्तीबरोबर एक पाकीटही निघतं. पहिलं अनाथ मुलांसाठी, दुसरं आजाऱ्यांसाठी, तिसरं गायनवृंदाच्या नव्या झग्यांसाठी आणि चौथं छपरासाठी. आमचं छप्पर मी बाप्तिस्म्याला आलो तेव्हाही गळत होतं. माझ्या डोक्यावर पडलेलं सगळंच पाणी पाळकांनी टाकलेलं नव्हतं, असं आई सांगायची.

छपराच्या निधीसाठी खजिनदारांनी दारातच एक मोठा फलक लावलाय. त्यावर तापमापक काढलेला आहे. पैसे जमतील तसा लाल रंग वर चढायचा. गेली कित्येक वर्षं तो घोट्यापाशी आहे. आमच्या मंडळीला ताप म्हणून येत नाही. खजिनदार मात्र आशावादी माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम अंगावर घेतलं आणि त्यांची स्मरणशक्ती भयंकर आहे. आमची नावं ते विसरतात, पाकिटातले आकडे विसरत नाहीत. ‘कसं काय?’ असं विचारताना ते चेहऱ्याकडे न बघता छातीवरच्या खिशाकडे बघतात.

याच दिवसांत जुन्या कपड्यांचं संकलनही असतं. कपडे निवडायच्या टेबलावर गेल्या वर्षी मी बसलो होतो. दान या विषयावर मला जे काही ठाऊक आहे, ते प्रवचनांतून कमी आणि त्या टेबलावरून जास्त कळलं. डाव्या पायाचा एकच बूट. खिशात वापरलेला रुमाल असलेला कोट. चेन तुटलेली, बटण नसलेली, पण कडक इस्त्री केलेली पँट. गरिबाला सगळं चालतं, असं देणाऱ्याला मनापासून वाटत असतं. मी त्यांना नावं ठेवतोय खरा, पण त्याच ढिगाऱ्यात माझाही एक स्वेटर होता. बायकोच्या आत्यानं विणलेला, पोपटी, एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब. तीन पिशव्यांच्या खाली मी तो बेमालूम दडपला होता. दुपारी बायको मदतीला आली, तिनं ढिगाऱ्यात हात घातला आणि पहिल्या फटक्यात तोच वर काढला.

“अहो, हा ओळखीचा वाटतोय.”

तो स्वेटर मी या वर्षी पहिल्या मेणबत्तीला घालून गेलो.

दुसऱ्या मेणबत्तीच्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वचन घेतलं. तू दान देतोस तेव्हा तुझा उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये. 6 डिसेंबर नुकताच होऊन गेला होता, म्हणून त्यांनी संत निकोलसची गोष्टही सांगितली. चौथ्या शतकातला हा आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं अडली होती, म्हणे. निकोलसनं रात्री गुपचूप जाऊन खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. पुढे दुसरी टाकली. तिसऱ्या वेळी बाप दबा धरून बसला आणि त्यानं निकोलसला पकडलं. निकोलस म्हणाला, कुणाला सांगू नकोस. आता सोळाशे वर्षांनंतर ही गोष्ट मला ठाऊक आहे, तेव्हा त्या बापानं शब्द किती पाळला ते उघडच आहे.

पण गोष्ट माझ्या मनात रुतली. आपणही एकदा असं द्यावं. नाव नाही, गाव नाही. खजिनदारांच्या वहीत माझ्यासमोर जे लिहिलं जातं, ते मी लोकांच्या डोळ्यांसाठी देतो, हे मला पक्कं माहीत होतं. नव्या घड्याळासाठी मी वर्षभर पैसे साठवले होते. ते सगळेच्या सगळे द्यायचे. आणि डाव्या हाताला कळू द्यायचं नाही. इथे एक अडचण होती. मराठीत बायकोला वामांगी म्हणतात. म्हणजे माझा डावा हात माझ्याच घरात राहतो, आणि घड्याळाचे पैसे कपाटात कुठे आहेत हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

तरीही बुधवारी संध्याकाळी, सगळं सामसूम असताना, मी चर्चमध्ये गेलो. दाराशी छपराची पेटी. पाकीट कोरं. त्यावर ‘छपरासाठी’ एवढंच लिहायचं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी ते डाव्या हातानं लिहिलं. वाकडंतिकडं, थरथरतं, छान जमलं. पाकीट पेटीत पडलं. फाटकाबाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की ज्याला कळता कामा नये त्यालाच मी लिहायला बसवलं होतं.

पुढचे तीन दिवस मी आरशासमोर चेहऱ्याची तालीम केली. घोषणा होईल, माना वळतील, एखादी नजर माझ्यावर येऊन थांबेल. तेव्हा नकार द्यायचा, पण फार जोरात नाही. डोळे किंचित खाली. ओठांवर जरासं हसू, पण गालापर्यंत न पोचलेलं.

तिसऱ्या मेणबत्तीला खजिनदार उभे राहिले. त्यांचा आवाज कापत होता. तापमापक घोट्यावरून एकदम गुडघ्याच्या वर गेला होता. मंडळीतून ‘आहाहा’ निघालं. माना वळल्या. मी डोळे किंचित खाली केले. बराच वेळ खालीच ठेवले. शेवटी मान दुखायला लागली म्हणून वर बघितलं, तर सगळी मंडळी मागच्या कोपऱ्यातल्या बाकाकडे बघत होती.

त्या बाकावर आमचे काका बसतात. सगळ्यांचेच काका. दर रविवारी ते पिशवीत दोन नाणी टाकतात. कापडी पिशवीत नाण्याचा आवाज होत नाही, म्हणून दोन्ही नाणी एकाच वेळी सोडतात. कुणी चेष्टा केलीच तर मार्काचा बारावा अध्याय सांगतात. त्या गरीब विधवेनं तरी काय टाकलं? दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी दोन नाणी. येशू भांडारासमोर बसून बघत होता, आणि श्रीमंतांची मोठमोठी दानं सोडून त्यानं तिचंच कौतुक केलं. विधवेजवळ तेवढंच होतं आणि तिनं ते सगळं टाकलं, हा पुढचा भाग काका वेळेअभावी गाळतात. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला देणं, याबद्दलही त्यांचं मत पक्कं आहे. पुदिना, शेप आणि जिरे यांचासुद्धा दशांश देणाऱ्या परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी पंथाच्या लोकांना, येशूनं झापलं होतं, तेव्हा दशांश न देणं हेच ख्रिस्ताला धरून. येशूनं त्यांना हेही करा आणि न्याय, दया, विश्वासही सोडू नका असं सांगितलं होतं. त्या ओळीपर्यंतही काका पोचत नाहीत.

संशयाची कारणं भक्कम होती. अक्षर थरथरतं, म्हणजे म्हाताऱ्याचं. आणि बुधवारी संध्याकाळी पेटीजवळ काकांना दोघांनी पाहिलं होतं. आता काका दर बुधवारी तिथे जातातच, कुणी दिवा चालू ठेवलाय का ते बघायला. पण इतका साधा विचार आनंदात कोण करतो?

“छे, छे, मी नाही,” काका म्हणाले.

“ऐकलंत?” खजिनदार गहिवरले. “याला म्हणतात नम्रता.”

“अरे, शपथेवर सांगतो!”

“शपथ घेऊ नये, काका,” पाळकसाहेब हळुवारपणे म्हणाले. “मत्तय पाच.”

काका जितकं नाकारत गेले तितके मोठे होत गेले. दोन वाक्यांचा नकार मीही तयार केला होता, तो वाया गेला. माझ्या डोळ्यांदेखत माझा नकार दुसराच माणूस देत होता, आणि तोही खरा.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “बघा. आयुष्यभर लोकांनी त्यांना चिकट म्हटलं. शिका जरा काही.” मी शिकत होतो. मग तिनं कपाट उघडलं. “अहो, तुमचे घड्याळाचे पैसे कुठे गेले?”

आता इथे निकोलसनं काय केलं असतं, हे विचारण्यात अर्थ नाही. तो बिशप होता, त्याच्या कपाटाची झडती कोण घेणार? मी म्हणालो, एका मित्राला उसने दिले. कुठल्या मित्राला, ते तिनं विचारलं नाही. नुसतं बघितलं. पुढचे दोन दिवस घरात आशा, शांती, आनंद आणि प्रीती यांपैकी फक्त शांती होती.

चौथ्या मेणबत्तीला मुलांचं नाटक झालं. सन 1223 मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसनं इटलीतल्या ग्रेच्चोला खराखुरा बैल आणि गाढव आणून येशूजन्माच्या गव्हाणीचा देखावा उभा केला होता. आमच्याकडे बैल म्हणून खजिनदारांचा नातू असतो. या वर्षी मागी, म्हणजे पूर्वेकडून बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी, व्हायला पाच मुलं हटून बसली. मत्तयानं मागी किती होते हे कुठेच सांगितलेलं नाही, म्हणून पाळकसाहेबांनी पाचही घेतले. भेटी मात्र त्यानं मोजून सांगितल्यात. सोनं, ऊद आणि गंधरस. त्यामुळे दोघे मागी पूर्वेकडून इतक्या लांब हात हलवत आले आणि बाळाला नुसतं बघून गेले. मला त्या दोघांत आमच्या मंडळीतले पुष्कळ लोक दिसले.

काकांना पहिल्या बाकावर बसवलं होतं. नाताळाच्या आदल्या रात्री चक्राच्या मधली पांढरी मेणबत्ती पेटवायचा मान त्यांना मिळाला. मेणबत्ती पेटवताना त्यांचा हात थरथरत होता. खजिनदारांनी शेजारच्याला कोपरानं ढोसलं. अक्षर जुळलं.

उपासना संपल्यावर काकांनी मला बाहेर गाठलं. बरेच खंगल्यासारखे दिसत होते.

“अरे, खरं सांगतो, मी नाही रे दिले ते पैसे.”

“माझा विश्वास आहे तुमच्यावर, काका.”

त्यांनी माझा हात घट्ट धरला. अख्ख्या मंडळीत त्यांच्यावर विश्वास ठेवणारा मी एकटाच भेटलो होतो.

“कालपासून चार जण मदत मागायला आले,” ते म्हणाले. “पोरं रस्त्यात नमस्कार करतात. पाळकसाहेब माझ्यासाठी प्रार्थना करतात, तीही उपकारस्तुतीची. देवासमोर खोटं पडतंय रे सगळं. बरं, नाही म्हणावं तर अजून वाढतं.” मग बराच वेळ गप्प राहून, “किती होते रे त्या पाकिटात?”

मी आकडा सांगितला. खजिनदारांनी तो जाहीर केलाच होता. काकांनी डोळे मिटले आणि अंधारात चालायला लागले. जाताना व्हरांड्यातला दिवा बंद करायला विसरले नाहीत.

नाताळाच्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. वर्षातून एकदाच दिसणारी माणसं माझ्या बाकावर माझ्या आधी येऊन बसली होती. अर्पणाच्या पिशव्या टम्म फुगून आल्या. मोजणीला नेहमी दोघं लागतात, एकट्यानं मोजायचं नाही असा नियम आहे. खजिनदारांनी मला बसवलं. तिसऱ्या पिशवीच्या तळाशी एक पाकीट होतं. नाव नाही. आत नोटा. घडीवर पांढऱ्या पडलेल्या, डांबरगोळीचा वास येणाऱ्या, कित्येक वर्षं उजेड न पाहिलेल्या नोटा. मी मोजल्या. माझ्या आकड्याहून एक नोट जास्त होती. पाकिटावर लिहिलं होतं, ‘छपरासाठी’.

“तेच अक्षर!” खजिनदारांनी चष्मा पुसला. “हुबेहूब तेच.”

ते अक्षर अजिबात तेच नव्हतं. ‘छ’ सरळ उभा होता आणि वेलांट्या वळणदार होत्या. जुन्या शाळेत छड्या खाऊन गिरवलेलं, चांगलं उजव्या हाताचं अक्षर होतं ते. पहिल्या पाकिटाच्या अक्षरातला एकमेव जाणकार म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं.

“हो,” मी म्हणालो. “तेच.”

खजिनदार लाल रंगाची डबी उघडून फलकाकडे निघाले. दाराशी थांबले, वळले आणि माझ्या पोपटी स्वेटरच्या खिशाकडे बघून म्हणाले,

“काही माणसं अशी असतात बघा. बरं, तुमचं चौथं पाकीट अजून आलेलं नाही.”

मी खिशात हात घातला. घातल्यावर बघितलं, तर डावा होता.