शब्द हवेत, बोलणारे नकोत
मेक्सिकोचे खाणे, सण आणि स्पॅनिश शब्द हवेत, पण स्पॅनिश बोलणारी माणसे नकोत, या वृत्तीची मला चीड आहे; अमेरिकेत दर 5 मे रोजी ती नव्याने उफाळून येते. 1862 मध्ये प्वेब्ला येथे मेक्सिकोच्या सैन्याने फ्रेंचांना हरवले, त्या लढाईचा हा दिवस. पण डोक्यावर सोम्ब्रेरो (रुंद काठाची मेक्सिकन टोपी) चढवून ‘फिएस्टा’ (स्पॅनिशमध्ये सण) म्हणत मार्गारिटा हे मद्य रिचवणाऱ्यांना त्याचे काहीएक सोयरसुतक नसते, आणि कित्येक जण तर त्यालाच मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन समजतात, जो 16 सप्टेंबरला असतो. एवढ्यावर भागले असते, तर मी गप्प बसलो असतो. पण यांतलीच काही मंडळी, ट्रॉलीत साल्सा (मेक्सिकन चटणी) आणि टॉर्टियाची (मेक्सिकन पोळ्यांची) पाकिटे ठेवून दुकानाच्या रांगेत उभी असताना, पुढची आई आपल्या लेकराशी स्पॅनिशमध्ये दोन शब्द बोलली की कपाळाला आठ्या घालून ‘इंग्रजीत बोला’ असे सुनावतात, तेव्हा तळपायाची आग मस्तकाला जाते. ज्या काउबॉयचा यांना एवढा अभिमान, त्याचे रँच (गुरांचा मळा), रोडिओ (गुराख्यांच्या कसबाचा खेळ), लॅसो (फासाचा दोर), मस्टँग (रानटी घोडा) हे सगळे शब्द स्पॅनिश बोलणाऱ्या गुराख्यांकडूनच आले. कॅलिफोर्निया आणि नेवाडा ही नावेही स्पॅनिशच, आणि तो मुलूख 1848 पर्यंत मेक्सिकोचाच होता. तिथे स्पॅनिश बोलणाऱ्याला परके ठरवण्याचा अधिकार यांना दिला कोणी?