सीट मिळाली नाही म्हणजे ड्रायव्हर कमी पडला, असं नसतं

फॉर्म्युला वनच्या गप्पा सुरू झाल्या की एक वाक्य हमखास येतं: "एवढाच भारी असता तर मोठ्या टीमने उचलला नसता का?" ऐकायला बिनतोड वाटतं. पण २०२४ चा हंगाम ज्याने नीट पाहिलाय, त्याला हे वाक्य पटता कामा नये. त्या वर्षी कार्लोस साइन्झ फेरारीसाठी दोन शर्यती जिंकला, एक शर्यत आजारपणामुळे हुकूनही २९० पॉइंट्ससह चॅम्पियनशिपमध्ये पाचवा आला, आणि पुढच्या वर्षासाठी पहिल्या चार टीमपैकी एकीनेही त्याला गाडी दिली नाही. तो विल्यम्सकडे गेला. विल्यम्स त्या हंगामात दहा टीममध्ये नववी होती.

हे कसं झालं ते तारखा लावूनच बघावं लागतं, कारण ड्रायव्हरच्या बाजारात स्टॉपवॉचइतकंच कॅलेंडर महत्त्वाचं असतं.

२०२४ मध्ये एकूण सीट २०. त्यातल्या जिंकू शकणाऱ्या गाड्यांच्या आठ: मॅक्लारेन, फेरारी, रेड बुल, मर्सिडीज. मॅक्लारेनच्या पियास्ट्रीने सप्टेंबर २०२३ मध्येच २०२६ पर्यंतची सही केली होती. त्याच टीमच्या नॉरिसचा करार जानेवारी २०२४ मध्ये वाढला. फेरारीच्या लक्लेरचाही त्याच महिन्यात. रेड बुलचा व्हर्स्टापन २०२८ पर्यंत बांधलेला, मर्सिडीजचा रसेल २०२५ पर्यंत. आणि १ फेब्रुवारीला फेरारीने जाहीर केलं की २०२५ पासून हॅमिल्टन आमच्याकडे येतोय. हंगामाची पहिली शर्यत अजून महिनाभर लांब होती आणि साइन्झची खुर्ची गेली होती. आठपैकी उरल्या दोन: रेड बुलमध्ये व्हर्स्टापनच्या शेजारची आणि मर्सिडीजमध्ये हॅमिल्टनने सोडलेली. म्हणजे प्रश्न "जगातल्या पहिल्या आठांत हा बसतो का" असा नव्हताच. "या दोन विशिष्ट टीमना या विशिष्ट महिन्यात हाच माणूस हवाय का" असा होता.

लायकीबद्दल शंका असेल त्यांनी टीममेटशी तुलना करावी. एफ वनमध्ये दोन ड्रायव्हरना एकसारखी गाडी मिळण्याची ती एकच जागा. मॅक्लारेनमध्ये २०१९ ला साइन्झ ९६, नॉरिस ४९. तो नॉरिसचा पहिलाच हंगाम होता, म्हणून २०२० घ्या: साइन्झ १०५, नॉरिस ९७. फेरारीत २०२१ ला साइन्झ १६४.५, लक्लेर १५९. २०२२ ला लक्लेर ३०८, साइन्झ २४६. २०२३ ला २०६ आणि २००. २०२४ ला ३५६ आणि २९०. एका लॅपच्या वेगात लक्लेर सरस आहे हे मला मान्य आहे, आणि शनिवारच्या क्वालिफायिंगला (शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणारं सत्र) ते वारंवार दिसायचं. पण ज्याच्याशी साइन्झने चार वर्षं अशी टक्कर दिली, तो क्वालिफायिंगमध्ये आजच्या पिढीतल्या सर्वोत्तमांपैकी एक गणला जातो.

वेगापलीकडचं काही बघायचं असेल तर सिंगापूर २०२३ ची शेवटची १५-१६ मिनिटं बघा. रेड बुलने त्या वर्षी २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. सुटलेली एकमेव ही. साइन्झ पोलवरून, म्हणजे सर्वात पुढच्या जागेवरून, निघाला आणि विसाव्या लॅपच्या सुमारास सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) आली तेव्हा घेतलेले हार्ड, म्हणजे टिकाऊ पण हळू टायर त्याने शेवटपर्यंत ओढले. ओकॉनची गाडी बंद पडून व्हर्च्युअल सेफ्टी कार (गाडी न आणताच सगळ्यांना वेग कमी करायला लावणारा आदेश) लागली तेव्हा दोन्ही मर्सिडीज नव्या, जास्त वेगवान मीडियम टायरसाठी पिटमध्ये गेल्या आणि परतल्यावर प्रत्येक लॅपला अंतर खाऊ लागल्या. साइन्झच्या मागे नॉरिस, तोही जुन्या हार्डवर, आणि त्याच्या मागे रसेल आणि हॅमिल्टन. इथे बहुतेक ड्रायव्हर पुढे पळून जायचा प्रयत्न करतात आणि टायर संपवून बसतात. साइन्झने मुद्दाम नॉरिसला एका सेकंदाच्या आत ठेवलं. पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असलं की मागच्याला डीआरएस मिळायचा, मागच्या पंखाची पट्टी उघडायची, सरळ रस्त्यावर वेग वाढायचा. तो वेग नॉरिसला रसेलपासून वाचवायला पुरला. स्वतःवर हल्ला होण्याचा धोका पत्करून त्याने नॉरिसचीच भिंत केली. शेवटच्या लॅपला रसेल भिंतीला घासून बाहेर गेला. इंजिनिअरने रेडिओवर नॉरिस जवळ असल्याचं सांगितलं तेव्हा साइन्झचं उत्तर होतं की हे मुद्दाम चाललंय. गाडी ताशी तीनशेच्या घरात, बाजूला भिंती, आणि डोक्यात चार गाड्यांचा हिशोब. हे सिम्युलेटरवर शिकवून येत नाही.

आणि २०२४ ला सीट गेल्यावरही तो खचला नाही. मार्च महिन्यात जेद्दाहला अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, सोळा दिवसांनी मेलबर्नला तो जिंकला. व्हर्स्टापनची गाडी ब्रेकमुळे लवकर बाद झाली हे खरं, पण त्याआधी दुसऱ्याच लॅपला साइन्झने त्याला मागे टाकलं होतं.

मग रेड बुलचं दार का उघडलं नाही? तिथे व्हर्स्टापनच्या शेजारी बसणाऱ्या पेरेझचा हंगाम बघा. पहिल्या पाच शर्यतींत चार पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत जागा. मग मायामी चौथा, इमोला आठवा, मोनॅकोत पहिल्याच लॅपला अपघात. आठ शर्यतींत १०७ पॉइंट्स. घसरण सुरू झालेली दिसत होती, आणि नेमक्या त्याच वेळी, ४ जूनला, रेड बुलने त्याचा करार वाढवला. सातत्य आणि स्थैर्य, असं कारण दिलं. त्यानंतरच्या सोळा शर्यतींत पेरेझचे पॉइंट्स ४५, पोडियम शून्य. हंगामाच्या शेवटी टीमची चॅम्पियनशिप मॅक्लारेनकडे ६६६ वर, फेरारी ६५२, रेड बुल ५८९ वर तिसरी. अंतर ७७ चं. पेरेझ १५२ वर थांबला होता. साइन्झचे २९० पॉइंट्स जसेच्या तसे उचलून रेड बुलच्या खात्यात टाकता येत नाहीत, हे कळतं मला. पण ७७ ची खिंड भरायला दोघांमधल्या १३८ पॉइंट्सच्या फरकाच्या निम्म्याहून थोडंच जास्त लागत होतं, आणि ती भरणारा माणूस बाजारात मोकळा उभा होता.

रेड बुलच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. व्हर्स्टापन आणि साइन्झ २०१५ मध्ये रेड बुलच्याच छोट्या टीममध्ये, टोरो रोस्सोत, टीममेट होते आणि दोन्ही गोटांतला ताण तेव्हा पॅडॉकमध्ये लपलेला नव्हता. ज्या टीमचं सगळं एका ड्रायव्हरभोवती उभं आहे, ती शेजारी शांत माणूस शोधते. पेरेझमागे मेक्सिकन प्रायोजक होते. शिवाय गाडीचा स्वभाव: रेड बुलचं पुढचं टोक अतिशय धारदार, मागचं सैल. व्हर्स्टापनला ते आवडतं. साइन्झला मागचा भाग स्थिर लागतो. २०२२ ची फेरारी मागून सुटायची तेव्हा सुरुवातीला तो चाचपडला होता, मेलबर्नला दुसऱ्या लॅपलाच गरकन फिरून वाळूत गेला. ही शंका रास्त आहे. पण त्यानेच त्याच वर्षी सवय करून सिल्व्हरस्टोनला पहिला विजय मिळवला, हेही रेड बुलच्या इंजिनिअरांना माहीत होतं.

पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. डिसेंबरमध्ये पेरेझ गेला, लॉसन आला, दोन शर्यतींत लॉसन गेला, त्सुनोदा आला. २०२५ मध्ये व्हर्स्टापन नॉरिसकडून विजेतेपद हरला ते ४२३ विरुद्ध ४२१ असं, दोन पॉइंट्सनी. एखाद्या शर्यतीत नॉरिसच्या पुढे एकच जागा धरणारी दुसरी रेड बुल असती तर? माझं ठाम मत आहे की ४ जूनच्या त्या सहीची किंमत टीमने दोनदा मोजली.

मर्सिडीजची गोष्ट वेगळी, आणि खरं सांगायचं तर तिथे साइन्झला फारशी संधी नव्हतीच. किमी अँटोनेली २०१९ पासून त्यांच्या अकादमीत. एफ-३ न खेळवता त्याला थेट एफ-२ मध्ये आणलं (एफ वनच्या खालच्या या दोन पायऱ्या). चालू हंगामाच्या गाडीवर चाचणीला बंधनं कडक आहेत, पण किमान दोन वर्षं जुन्या गाड्या चालवता येतात. २०२४ मध्ये अँटोनेलीला २०२१ आणि २०२२ च्या मर्सिडीजवर भरपूर किलोमीटर मिळाले. मोंझाला ३० ऑगस्टच्या पहिल्या सरावात त्याने दहा मिनिटांच्या आत पॅराबोलिका वळणावर गाडी आदळली, आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच २०२५ साठी घोषणा झाली. निर्णय त्या सरावावर अवलंबून नव्हताच. अकादमीत एवढा पैसा घातलेल्या टीमला बाहेरचा तीस वर्षांचा विजेता आणणं म्हणजे आपलीच गुंतवणूक बाजूला ठेवणं. त्यात मर्सिडीजचा टीमप्रमुख टोटो वोल्फ याची व्हर्स्टापनला आणण्याची इच्छा जगजाहीर होती, त्यामुळे लांब मुदतीचा करार मागणारा प्रस्थापित ड्रायव्हर गैरसोयीचा ठरला असता.

निको हुल्केनबर्गचं उदाहरण जुनं असलं तरी आठवावं. २०१० ला ब्राझीलमध्ये विल्यम्ससाठी पोल, आणि २०११ ला ती सीट व्हेनेझुएलाच्या तेल कंपनीचा पैसा घेऊन आलेल्या माल्डोनाडोला. पुढे हायब्रिड इंजिनांमुळे गाड्या जड झाल्या आणि १८४ सेंटिमीटर उंचीचा ड्रायव्हर टीमना परवडेना, कारण तेव्हा किमान वजन गाडी आणि ड्रायव्हर मिळून धरलं जायचं. दहा किलो म्हणजे लॅपला ढोबळमानाने तीन दशांश सेकंद. ड्रायव्हर आणि सीट मिळून वेगळी ८० किलोंची मर्यादा आली ती २०१९ मध्ये. तोवर त्याची मोठ्या टीमची वर्षं निघून गेली होती. पहिला पोडियम मिळाला २०२५ ला सिल्व्हरस्टोनमध्ये, २३९ व्या शर्यतीत, सॉबरच्या गाडीत.

आपल्याकडे मुंबईच्या जेहान दारूवालाबद्दलही हेच वाक्य फेकलं जातं, म्हणून थोडं त्याच्याविषयी. २०१९ ला एफ-३ मध्ये तिसरा, मग रेड बुलच्या ज्युनिअर गटात. २०२० ला साखीरमध्ये एफ-२ शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. २०२२ ला मोंझाची मुख्य शर्यत जिंकला, मॅक्लारेनच्या एफ वन गाडीत चाचणीही झाली. एफ-२ च्या एका हंगामाचा खर्च साधारण २० ते ३० लाख युरो सांगितला जातो, म्हणजे वीस कोटी रुपयांच्या आसपास किंवा वर, आणि तो चार हंगाम उभा करावा लागला. २०२१ आणि २०२२ ला तो सातवा आला, आणि सातव्याला एफ वनची सीट मिळत नाही, यात अन्याय नाही. पण २०२० ला त्याच कार्लिन टीममधला त्सुनोदा तिसरा आला आणि थेट रेड बुलच्या छोट्या एफ वन टीममध्ये, अल्फाटौरीत गेला. त्सुनोदाने ते कमावलं होतं. त्याच्यामागे होंडा होती आणि रेड बुलच्या गाड्यांत इंजिन होंडाचं होतं, हेही तितकंच खरं. जेहानमागे असं इंजिन नव्हतं.

आणि जो एफ-२ जिंकतो त्याचं तरी काय होतं? विजेत्याला पुन्हा एफ-२ खेळता येत नाही. एफ वनच्या परवान्यासाठी (सुपर लायसन्स) लागणारे ४० पॉइंट्स हातात, पण चालवायला गाडी नाही. २०२२ चा विजेता फेलिपे द्रुगोविच अॅस्टन मार्टिनचा रिझर्व्ह ड्रायव्हर झाला, जिथली एक सीट मालकाच्या मुलाची. २०२५ ला स्पेनमध्ये लान्स स्ट्रोलने मनगटाच्या दुखण्यामुळे क्वालिफायिंगनंतर माघार घेतली. क्वालिफायिंग झाल्यावर ड्रायव्हर बदलता येत नाही, त्यामुळे टीमने एकच गाडी उतरवली. उलट बेअरमनचं नशीब बघा: साइन्झचं ऑपरेशन शुक्रवारी झालं, क्वालिफायिंगच्या आधी, म्हणून अठरा वर्षांच्या मुलाला फेरारी मिळाली, तो सातवा आला आणि त्याच वर्षी हास टीममध्ये पुढच्या हंगामासाठी पक्का झाला. फरक काही तासांचा.

यावर एक मागणी आहे. २०२५ पासून प्रत्येक टीमला हंगामात चार वेळा पहिल्या सरावात नवोदित ड्रायव्हर बसवावा लागतो. २०२५ च्या दहा टीम धरल्या तर चाळीस सत्रं, प्रत्येकी एक तास. ती बहुतेक आपापल्या अकादमीच्या मुलांना दिली जातात. खेळाची नियामक संस्था असलेल्या एफआयएने त्यातली सहा आधीच्या वर्षीच्या एफ-२ विजेत्यासाठी राखून ठेवावीत, सहा वेगवेगळ्या टीममध्ये. टीम म्हणतील की दुसऱ्याच्या माणसाला आमच्या गाडीचा डेटा का दाखवायचा. त्याला फक्त स्टिअरिंग द्या, डेटा तुमच्याकडेच ठेवा, आणि टायर व इंधनाचा प्रोग्राम तुमच्याच ड्रायव्हरच्या गाडीसारखा लावा. सहा तासांत सहा टीममेटशी तुलना होईल, आणि निदान "भारी असता तर" या वाक्याला लॅपटाइमचं उत्तर देता येईल.