पर्यावरणशास्त्र विभाग केमिस्ट्रीत विलीन करा म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार,

मागच्या पोस्टखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तिथेच चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: विद्यार्थीसंख्या कमी म्हणून आमचा पर्यावरणशास्त्र विभाग केमिस्ट्रीत विलीन करायचा प्रस्ताव सध्या चर्चेत आहे आणि विभागप्रमुख म्हणून माझा त्याला विरोध आहे, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात की "हा स्वतंत्र विषयच नाही मॅडम, थोडी केमिस्ट्री थोडी बॉटनी थोडी जिऑलॉजी अशी खिचडी आहे", मग म्हणालात की इथून बाहेर पडणाऱ्या पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि शेवटी जे सगळ्यात लागलं ते, "डोळ्यांसमोर नदी मेली, तुमच्या विभागाने काय केलं? कंपन्यांची कन्सल्टन्सी घेतली आणि कॉलेजांना ग्रीन ऑडिटची सर्टिफिकेटं वाटली." तुम्ही स्वतः केमिस्ट्रीत एमएस्सी करून एमआयडीसीतल्या लॅबमध्ये काम करता, त्यामुळे आपल्याला सरळ मुद्द्यावर बोलता येईल.

खिचडीचं आधी. उन्हाळ्यात नदीत मासे मेल्याच्या बातम्या येतात, त्या बहुतेक सकाळच्या असतात, बरोबर? आता समजा तुमच्यासारखा उत्तम केमिस्ट अकरा वाजता पुलाखाली जाऊन विंकलर पद्धतीने डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, काढतो. मँगनीज सल्फेट टाकलं, अल्कलाइन आयोडाइड अझाइड टाकलं, दाट तपकिरी साका बसला, अ‍ॅसिड टाकून थायोसल्फेटने टायट्रेशन केलं, आकडा आला ८. आंघोळीच्या पाण्याला निकष किमान ५ मिलिग्रॅम प्रति लिटरचा, म्हणजे कागदावर नदी झकास. टायट्रेशनमध्ये काहीही चूक नाही. पण सांडपाण्यातल्या फॉस्फेट-नायट्रोजनवर पोसलेलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडत असतं आणि रात्रभर तोच ऑक्सिजन ओढत असतं, त्यामुळे अशा पाण्यात दुपारी ८-९ दाखवणारी जागा पहाटे २ च्याही खाली जाऊ शकते, आणि मासे मरतात ते त्या पहाटेच्या वेळेला. त्यात वर धरणातून पाणी किती सोडलंय, नदीचा प्रवाह चालू आहे की नुसती डबकी राहिलीत, तळाच्या गाळात काय उरलंय, घाण, कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तगणाऱ्या लालभडक कायरोनोमस अळ्या सोडल्या तर दुसरं काही जिवंत दिसतंय का, हे सगळं एकत्र बघितल्याशिवाय त्या ८ च्या आकड्याला अर्थ येत नाही. हे सगळं एकत्र बघायला शिकवणं हाच आमचा विषय आहे. दिल्लीच्या जेएनयूत पर्यावरणशास्त्राचं वेगळं स्कूल निघालं, बंगलोरच्या आयआयएस्सीत १९८३ मध्ये माधव गाडगीळांनी परिसरशास्त्राचं केंद्र उभं केलं, ते काही तिथे केमिस्ट्री आणि झूलॉजीचे विभाग नव्हते म्हणून नाही.

आणि विभाग चालवणं म्हणजे नक्की काय हे बाहेरून दिसत नाही, तेही सांगते. पहाटेचा डीओ घ्यायचा तर गाडी पहाटे चारला हवी. विद्यापीठाची गाडी ऑफिसच्या वेळेत मिळते, त्याआधी हवी असेल तर वेगळी परवानगी, ड्रायव्हरचा ओव्हरटाइम, मुली असतील तर सोबत महिला शिक्षक, आणि हे सगळं दर महिन्याला. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती ऑक्सिजन ओढतात त्याची चाचणी, आपल्याकडे २७ अंशांना ३ दिवस ठेवून करतात हे तुम्हाला माहितीच आहे. म्हणजे गुरुवारी नमुना लावला की वाचन रविवारी येतं, रविवारी इमारत बंद, किल्ली सिक्युरिटीकडे, आणि मध्ये लाइट गेली आणि इन्क्युबेटरचं तापमान घसरलं की सगळा सेट फेकून द्यायचा. म्हणून आमचं सॅम्पलिंग सोमवार-मंगळवारी किंवा शुक्रवारी असतं, आणि एमएस्सीच्या थिअरीचं टाइमटेबल त्याभोवती बसवलेलं असतं. लॅब असिस्टंट रिटायर झाले, ती जागा भरली गेलेली नाही, एजन्सीमार्फत येणारा मुलगा काम शिकून तयार होतो तोवर त्याचं काँट्रॅक्ट संपतं. निम्मी शिकवणी तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर आहे, त्यातले काही नेट-सेट आणि पीएचडी दोन्ही झालेले आहेत आणि त्यांचं मानधन वेळेवर निघावं म्हणून मला अकाउंट्सच्या खिडकीशी उभं राहावं लागतं. ग्रँट येते उशिरा आणि ३१ मार्चच्या आत संपवून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं. म्हणजे पैसे मार्चमध्ये आहेत, पाणी आटतं मे मध्ये.

हे रडगाणं म्हणून सांगत नाहीये. विलीनीकरणाचा कागद फिरतो तेव्हा त्यात शिक्षक किती, विद्यार्थी किती, खोल्या किती एवढंच लिहिलेलं असतं, पण पहाटेच्या गाडीसाठी भांडणारं कोण असेल ते कुठेच लिहिलेलं नसतं. केमिस्ट्रीचा विभागप्रमुख कितीही चांगला असला, आणि आमच्याकडचे खरंच चांगले आहेत, तरी त्यांच्या डोक्यावर त्यांची प्रॅक्टिकलं, त्यांची मशिनं, त्यांची दुप्पट-तिप्पट पोरं. नदीचं काम पहिल्या वर्षी पुढे ढकललं जाईल आणि दुसऱ्या वर्षी बंद पडेल. एकाच जागेवर, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षं मोजत राहिलेला आकडा हाच पर्यावरणाच्या अभ्यासाचा कणा आहे. मध्ये दोन वर्षांची फट पडली की नंतर कितीही भारी मशीन आणा, ती दोन वर्षं परत मिळत नाहीत.

लॅबच्या कचऱ्याचंही बघा. एका सीओडीला, म्हणजे तीच घाण रसायनांनी मोजायच्या चाचणीला, आपण मर्क्युरिक सल्फेट, सिल्व्हर सल्फेट आणि डायक्रोमेट वापरतो, म्हणजे उरलेल्या द्रावणात पारा आणि क्रोमियम. पाण्याचं प्रदूषण शिकवणाऱ्या विभागाने ते बेसिनमध्ये ओतायचं का? आमच्याकडे ते कॅनमध्ये साठवतात, लेबल लावतात, आणि तळोजा किंवा रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्राकडे पाठवायला पाठपुरावा करतात. बजेटमध्ये या खर्चाला हेडच नव्हतं, ते मिळवायला फायनान्स कमिटीपुढे जावं लागलं. पोरांना यातून जे कळतं ते कुठल्याही पेपरातून कळणार नाही.

आता नदी. देशात प्रदूषित नदीपट्टे सगळ्यात जास्त महाराष्ट्रात आहेत, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत ३५१ पैकी ५३ आणि २०२२ च्या यादीत ३११ पैकी ५५. तुमचा संताप मला समजतो, तो माझाही आहे. पण "विभागाने काय केलं" म्हणताना एक गोष्ट लक्षात घ्या. जल कायदा १९७४ च्या कलम २१ प्रमाणे कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकार दिलेल्या माणसानेच घ्यायचा असतो, त्याच वेळी कारखान्याला नोटीस द्यायची असते, नमुन्याचे दोन भाग करून सील आणि सह्या, मग मान्य प्रयोगशाळा. ही पद्धत पाळली नाही तर तो रिपोर्ट कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आमच्या पोरीने नाल्याच्या तोंडाशी भरलेली बाटली कितीही खरी असली तरी तिच्यावर कुणाला शिक्षा होणार नाही. आम्ही काय करू शकतो, तर कुठल्या पुलापासून कुठल्या पुलापर्यंत बीओडी ३ च्या मर्यादेवर जातो, कुठल्या महिन्यात जातो, शहराचा मैला किती आणि कारखान्याचं किती याचा अंदाज बांधून तो नावासकट मंडळाला आणि महापालिकेला लेखी देऊ शकतो. ते आम्ही देतो. आणि त्यात एक गोष्ट दर वेळी येते जी लोकांना ऐकायला आवडत नाही, की या पट्ट्यातला मोठा वाटा आपल्याच संडास-बाथरूमच्या पाण्याचा आहे, कंपन्यांकडे बोट दाखवून तो कमी होत नाही.

कन्सल्टन्सी घेतो, हो. त्या पैशातून अ‍ॅसिटिलीनचा सिलिंडर येतो आणि एएएसची, म्हणजे पाण्यातले धातू मोजणाऱ्या मशीनची, देखभाल होते, नाहीतर ते मशीन कव्हर घालून ठेवावं लागलं असतं. पण कंपनीने आणून दिलेल्या बाटलीच्या रिपोर्टवर पहिल्या ओळीत ठळक लिहिलेलं असतं की नमुना आम्ही घेतलेला नाही, आणून दिलेला आहे. या एका ओळीमुळे काही लोक परत येत नाहीत. येऊ नयेत. ग्रीन ऑडिटचं तसंच. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, आधी पंधरा दिवस कॉलेजं फोन करतात, सर्टिफिकेट हवं असतं, झाडं मोजलेली यादी तयार असते. विजेची बिलं, पाण्याचं मीटर, लॅबचा कचरा कुठे जातो, हे दाखवल्याशिवाय सही होत नाही. तुम्ही ज्यांना सर्टिफिकेटं वाटताना बघितलं असेल ते आमच्या विभागातले नाहीत हे मी जबाबदारीने सांगते.

नोकऱ्यांबद्दल तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मला त्याचा खूप त्रास होतो. सुप्रीम कोर्टाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा म्हणून सांगितलं, पुढे यूजीसीने पदवीला सहा महिन्यांचा कोर्स आणला, आणि तो शिकवतं कोण? ज्या शिक्षकाचा वर्कलोड कमी पडतोय तो. पोरं झेरॉक्सच्या दुकानातून प्रोजेक्ट आणतात. पर्यावरणशास्त्राची एमएस्सी झालेली मुलगी घरी बसलेली असते. या एका धोरणावर जोर लावला तर कितीतरी जागा निघतील, आणि त्यासाठी मी जिथे मिळेल तिथे बोलते. बाकी प्रकल्पांचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचे ईआयए रिपोर्ट करणाऱ्या फर्म, कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणारे ईटीपी, आणि सेबीने २०२२-२३ पासून वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना पाणी-कचरा-उत्सर्जनाचा हिशोब देणं बंधनकारक केल्यापासून निघालेली कामं, इथे आमची पोरं लागतात. सुरुवातीचा पगार कमी असतो, हे मी अ‍ॅडमिशनच्या दिवशी पालकांसमोर सांगते.

तुमची शेवटची ओळ होती की एवढी वर्षं मोजताय तर आकडे कपाटात का ठेवता. ही मागणी मला मनापासून पटली. जुनी रजिस्टरं टाइप करायचं काम चालू आहे, त्यात काही वर्षांचा बीओडी २० अंशांना ५ दिवसांचा आहे आणि नंतरचा २७ ला ३ दिवसांचा, ते एका रांगेत ठेवून चालणार नाही, म्हणून प्रत्येक आकड्यापुढे पद्धत, तारीख आणि नमुना घेतल्याची वेळ लिहितोय. जिथे वेळ लिहिलेली नाही ते डीओचे आकडे वेगळ्या शीटमध्ये जातील. तुमच्या लॅबमध्ये रोज डेटा तपासायची सवय असणारा माणूस आम्हाला हवाच आहे, शनिवारी सकाळी विभागात या, रजिस्टरं टेबलावर काढून ठेवते.