लाइन कधी जाईल?

संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवायचा, त्या दुसऱ्याला एक खोटी डिस्क द्यायची आणि वर ती खोटी आहे हे त्याला उघडपणे सांगून टाकायचे, या उद्योगाबद्दल मला दरमहा पगार मिळतो, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात अद्याप कोणालाही पुरते पटलेले नाही. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी एकदा चष्मा पुसत नीट चौकशी केली. "म्हणजे काम्पुटर खरा नाही, त्यातली डिस्कही खरी नाही, मंग पगार?" पगार खरा असल्याचे मी सांगितले. "मंग चालू दे," असे म्हणून त्यांनी पेपर पुन्हा उघडला.

गुरुजींचा संशय अगदीच निराधार नव्हता. आतल्या संगणकाला गेस्ट म्हणतात आणि बाहेरच्या खऱ्याला होस्ट. गेस्टमधल्या विंडोजला जी चाळीस जीबीची डिस्क दिसते, ती प्रत्यक्षात माझ्या टेबलाखालच्या मशीनवरची एक फाइल असते. ही लबाडी निभावून नेण्याची जुनी रीत म्हणजे हुबेहूब नक्कल. फाब्रिस बेलार यांनी २००३ साली सुरू केलेले क्यूईएमयू हे सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकातल्या आयडीई या डिस्क चालवणाऱ्या कंट्रोलरचे सोंग इतक्या इमानाने वठवते की, आपल्याखाली खरे यंत्र नाही अशी शंकासुद्धा विंडोजला येत नाही. सोंग मात्र महाग पडते. कारण एक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा एक छोटा तुकडा, मागायचा म्हटले तरी कंट्रोलरच्या पाच-सहा रजिस्टरांत, म्हणजे चिमुकल्या खान्यांत, काहीबाही लिहावे लागते, आणि दर लिहिण्यागणिक गेस्ट जागच्या जागी थांबतो, कारभार गेस्टला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे हायपरवायझरच्या, हाती जातो, तो नकलेला शोभेल असे उत्तर जुळवतो आणि मग कुठे गेस्टची गाडी पुढे सरकते.

पॅराव्हर्च्युअलायझेशन नावाच्या दुसऱ्या रीतीत हे नाटक सोडून दिलेले असते आणि डिस्क खोटी आहे हे गेस्टला सरळ सांगितलेले असते. केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्येच बाहेर आलेल्या झेन या हायपरवायझरने ही वाट मोठ्या प्रमाणावर चालून दाखवली, आणि रस्टी रसेल यांनी रचलेली व्हर्टआयओ ही पद्धत जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२४ या कर्नलबरोबर, म्हणजे गाभ्याबरोबर, सर्वांच्या हाती आली. आमच्या गावच्या पिठाच्या चक्कीवर अगदी हाच व्यवहार चालतो. लोक आपापले डबे चिठ्ठी लावून एका फळीवर ठेवतात, चक्कीवाल्याला एक हाक मारतात आणि घरी निघून जातात. तो आपल्या सोयीच्या क्रमाने दळण काढतो आणि भरलेले डबे दुसऱ्या फळीवर मांडून ठेवतो. व्हर्टआयओत या दोन फळ्या गेस्ट आणि होस्ट दोघांनाही दिसणाऱ्या मेमरीत असतात, आणि वीस मागण्या मांडून झाल्या तरी हाक एकदाच मारली की भागते. मागणीच्या चिठ्ठीत सोळा बाइट असतात, पाठोपाठ प्रत्यक्ष मजकूर, आणि शेवटी होस्टने भरायचा एकच बाइट: शून्य म्हणजे काम झाले, एक म्हणजे बिघडले, दोन म्हणजे हे मला जमत नाही. या तिसऱ्या उत्तराबद्दल मला विशेष आदर आहे, कारण मोटर, पंप, कूलर, मोबाइल, यांपैकी काहीही घेऊन गेलो तरी आमच्या तालुक्यातल्या एकाही मिस्त्रीच्या तोंडून मी ते अजून ऐकलेले नाही.

विंडोजच्या पोटात व्हर्टआयओचा ड्रायव्हर, म्हणजे त्या डिस्कशी बोलणारा दुभाषा प्रोग्राम, जन्मतः नसतो, आणि माझ्या छळाची सुरुवात तिथून होते. पुण्यातल्या माझ्या कंपनीने स्वतःचे फेरफार करून पाठवलेला ड्रायव्हर मला गेस्टमध्ये बसवून तपासायचा असतो. पण बूट होणारी डिस्कच एकदम आयडीईवरून व्हर्टआयओवर नेली, तर विंडोजला आपलीच डिस्क सापडत नाही आणि निळ्या पडद्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे लिहून ते मोकळे होते. त्यावरचा सर्वमान्य तोडगा असा की, आधी एखादी लहानशी, निरुपयोगी डिस्क व्हर्टआयओने जोडायची, तिच्या निमित्ताने ड्रायव्हर घरात घ्यायचा, आणि मशीन बंद करून मग मोठ्या डिस्कची बदली करायची. शिवाय आमच्या ड्रायव्हरवर अधिकृत सही नसल्यामुळे विंडोजला टेस्ट मोडमध्ये ठेवावे लागते, आणि मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तशी पाटी कायमची लागते. आईने ती पाटी पाहून "परीक्षा संपली नाही का रे तुही अजून?" असे एकदा विचारले होते.

इथवरचा त्रास पुण्यात बसूनही झाला असता. खास आमच्या गावाने द्यायचा त्रास फ्लश नावाच्या आज्ञेपासून सुरू होतो. गेस्टने लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर उतरतोच असे नाही. तो बराच वेळ होस्टच्या मेमरीत रेंगाळतो, कारण तसे केल्याने वेग वाढतो. ज्या प्रोग्रामला खात्री हवी असते, तो फ्लश पाठवतो, म्हणजे 'आतापर्यंतचे सगळे खरोखर उतरव आणि मगच झाले म्हण' असे बजावतो. ड्रायव्हरने ही आज्ञा होस्टपर्यंत न नेता मधल्यामध्ये 'झाले' म्हणून टाकले, तर काय होईल? काहीही होणार नाही. सगळे सुरळीत चालेल, उलट वेगाचे आकडे नेहमीपेक्षा चांगले येतील, वरिष्ठ खूश होतील, आणि हा खोटेपणा फक्त वीज गेल्यावरच उघडकीला येईल. क्यूईएमयूची प्रक्रिया मारून टाकणे ही त्यावरची चाचणी होऊ शकत नाही, कारण मरतो तो गेस्ट. होस्टचे कर्नल जिवंत राहते आणि मेमरीतला मजकूर सावकाश डिस्कवर उतरवून ड्रायव्हरची अब्रू वाचवते. मरायला हवा तो होस्टच.

चाचणीची मांडणी तशी साधी होती. गेस्टमधला एक लहान प्रोग्राम क्रमांक टाकलेल्या नोंदी लिहितो, प्रत्येक नोंदीनंतर फ्लश पाठवतो, आणि 'झाले' असे उत्तर आले की तो क्रमांक वायफायवरून माझ्या फोनला कळवतो. फोनला स्वतःची बॅटरी असल्यामुळे तो साक्षीदार. वीज जाताना राउटरही जातो आणि शेवटचे एक-दोन क्रमांक हवेत विरतात, पण त्याने बिघडत नाही; साक्षीदार थोडे कमी सांगेल, जास्त कधीच सांगणार नाही. वीज आल्यावर फोनमधला शेवटचा क्रमांक डिस्कवर सापडला पाहिजे. न सापडल्यास ड्रायव्हर खोटारडा.

भिंतीवरचे बटण बंद करून ही चाचणी होते, आणि मी ती तशीही केली. ड्रायव्हर दर वेळी खरा ठरला. परंतु बटण बंद करणारा माणूस समंजस असतो. सगळे स्थिरस्थावर होऊ देतो, चहा संपवतो आणि मग बटण दाबतो. गावठाण फीडरवरची लाइन, म्हणजे आमच्या वस्तीची वीज, इतकी विचारी नाही. ती जाते, क्षणभर येते, डीम होते, पुन्हा जाते, आणि गेस्टची डिस्क तपासणी अर्ध्यावर असताना तिसऱ्यांदा जाते. असा निर्दय परीक्षक कंपनीला पैसे मोजूनही मिळाला नसता, म्हणून मी मशीन इन्व्हर्टरवरून काढून सरळ लाइनवर जोडले.

घरात यावरून रीतसर चौकशी झाली. मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, कूलरच्या टाकीत दर तासाला पाणी ओतावे लागत होते, आणि अशा दिवसांत घरात इन्व्हर्टर असून मुलाने आपले मशीन मुद्दाम उघड्यावर टाकले होते. "मंग इन्व्हर्टर घेतला कायले बाप्पा?" हा आईचा प्रश्न बिनतोड होता. मशीन बंद पडावे हेच माझे काम आहे, हे मी सांगून पाहिले. तिने बाबांकडे पाहिले, बाबांनी पंख्याकडे पाहिले आणि तो विषय त्या दिवसापुरता मिटला.

मग मी वायरमनला गाठले. लाइन कधी येईल हे त्याला विचारणारे गावात सगळेच आहेत, आणि त्यासाठी त्याच्याकडे 'काम चालू हाय' हे एकच उत्तर कायम तयार असते. लाइन कधी जाईल असे आशेने विचारणारा त्याच्या नोकरीत मी पहिलाच असावा. त्याने मोटरसायकल स्टँडवर लावली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "काहून भाऊ? तक्रार गिक्रार करून राह्यले का?" तक्रार नाही, गरज आहे, असे मी म्हणालो, त्यावर तो अधिकच सावध झाला. पुढे कित्येक दिवस आमच्या गल्लीची लाइन एकदाही गेली नाही. डीपीवरची झाडाची फांदी छाटली गेली, लोंबणारी तार ताणली गेली, आणि गल्लीतल्या बायका माझ्याकडे कौतुकाने पाहू लागल्या. माझी चाचणी मात्र ठप्प झाली.

अखेर एका संध्याकाळी अवकाळी वादळ उठले. धुळीने आभाळ पिवळे झाले, कोणाचे तरी टिनपत्रे उडाले आणि लाइन गेली. आई वाळत घातलेल्या कुरड्या उचलायला गच्चीवर धावली, आणि मी फोनमधला क्रमांक टिपून घ्यायला टेबलाकडे धावलो, याचा उल्लेख आमच्या घरी अजून होतो. पाच-सात मिनिटांनी लाइन आली. होस्ट उठला, पाठोपाठ गेस्ट उठला, दोघांनीही एकाच डिस्कवर आपापली तपासणी सुरू केली, चाचणीचा प्रोग्रामही आपोआप सुरू होऊन नोंदी कळवू लागला, आणि तेवढ्यात लाइन पुन्हा गेली. रात्री उशिरा ती एकदाची स्थिरावल्यावर मी डिस्क उघडून पाहिली, तर फोनने शपथेवर सांगितलेल्या नोंदींपैकी शेवटचा मोठा तुकडा डिस्कवर नव्हताच. मला झालेला आनंद घरच्यांपासून लपवणे कठीण गेले.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. दोन तपासण्यांच्या ओझ्याखाली डिस्क इतकी मंदावली होती की, एका मागणीचे उत्तर मुदतीत आले नाही. विंडोजने नियमाप्रमाणे उपकरण रीसेट केले, आणि या रीसेटनंतर आमचा ड्रायव्हर होस्टशी फ्लशची बोली पुन्हा नीट करत असला, तरी त्याच्या स्वतःच्या नोंदीतले 'फ्लश येतो' हे चिन्ह शून्यच राहत होते. तेव्हापासून पुढचा प्रत्येक फ्लश तो मधल्यामध्ये 'झाले' म्हणून परत पाठवत होता. म्हणजे हा दोष दिसायला वीज नुसती एकदा जाऊन चालत नव्हते. ती जाऊन, थोडा वेळ येऊन, डिस्क दमलेली असतानाच पुन्हा जायला हवी होती.

दोषाच्या अहवालात 'पुन्हा घडवून आणण्याची पद्धत' असा एक रकाना असतो. त्यात मी पश्चिमेकडून सुटलेले वारे, गावठाण फीडर आणि लाइनच्या दोन जाण्यांमधले साधारण अंतर, असे सगळे प्रामाणिकपणे लिहिले. पुण्याहून विचारणा आली की, दुरुस्त ड्रायव्हर पाठवत आहोत, तर त्याच परिस्थितीत फेरचाचणी कधी करता येईल ते कळवावे. मी पुन्हा वायरमनला गाठले, आणि त्या वादळाच्या दिवशी लाइन जशी गेली, आली आणि पुन्हा गेली, अगदी तशीच एकदा करून देता येईल का, असे विचारले.

त्याने खूप वेळ विचार केला. "तसं नाही जमत भाऊ," तो म्हणाला, "थे आपोआपच होते."