लॉगबुक जुळवून मिळत नसते: कॉर्पोरेट पायलटच्या नोकरीविषयी फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात वरूडजवळच्या गावाहून भाच्याचा फोन आला. तो म्हणाला, "मामा, तीन लाख भरले का सीट पक्की होते म्हनते. बाबा बागेवर पैसे उचलाले तयार हायेत." ज्या संदेशाच्या भरवशावर माझे भाऊजी आंबिया बहाराची संत्रा बाग गहाण टाकायला निघाले होते, तो त्याने लगेच मला पाठवला, आणि त्यानंतर दोन दिवसांत तोच संदेश मला आमच्या गावच्या आणि नातेवाइकांच्या मिळून आणखी तीन गटांत दिसला. त्याचा मथितार्थ असा: बारावी कोणत्याही शाखेतून चालते; परीक्षांची कटकट नाही; व्यावसायिक परवान्याला लागणारे उड्डाणाचे २०० तास सहा महिन्यांत पूर्ण; वैद्यकीय तपासणी केवळ औपचारिकता; तास कमी पडले तर लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या तासांची वही, जुळवून दिले जाईल; उद्योगपतींच्या खासगी विमानांवर थेट नोकरी; त्यासाठी सर्व कंपन्यांच्या मालकांना तुमचा अर्ज एकाच वेळी पाठवला जाईल; पगार पाच लाखांपासून; नोंदणी शुल्क तीन लाख, आणि जागा मर्यादित.

मी वैमानिक नाही. भाड्याने विमाने देणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या ऑपरेशन्स विभागात मी चौदा वर्षे काम केले, आणि वैमानिकांचे अर्ज आधी माझ्या टेबलावर उघडले जात. कोणता अर्ज चीफ पायलटकडे जातो आणि कोणता तिथेच थांबतो, हे मी पाहिले आहे. त्यामुळे या संदेशाला सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे.

शाखा आणि परीक्षा यांचा मुद्दा लवकर संपतो. वैमानिकाच्या परवान्याच्या अटी विमान नियम, १९३७ च्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिलेल्या आहेत आणि त्या कोणालाही वाचता येतात. व्यावसायिक परवान्यासाठी वय किमान १८, बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित, पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि हवाई नियम, दिशानिर्देशन, हवामानशास्त्र व विमानाचे तांत्रिक ज्ञान या विषयांच्या लेखी परीक्षा, असे त्यांचे स्वरूप आहे. प्रत्येक विषयात उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण लागतात, आणि रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची परीक्षा त्याहून वेगळी असते. भौतिकशास्त्र व गणिताची अट काढण्याचा विचार सुरू असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या होत्या, आणि कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देऊन ही अट पूर्ण करता येते, एवढे या दाव्यातले अर्धसत्य मी मान्य करतो. परंतु लेखी परीक्षा नाहीत, हे विधान सरळ खोटे आहे.

सहा महिन्यांत २०० तास, हा दावा आमच्या भागातल्या माणसाने तरी स्वीकारू नये, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडचे आभाळ कसे असते ते शेतकऱ्याइतके कोणालाच ठाऊक नाही. सहा महिन्यांत २०० तास म्हणजे एकही दिवस खाडा न करता रोज तासाभराहून अधिक उड्डाण. त्यात पाऊस, धुके, विमानाची ठरावीक तासांनी होणारी तपासणी, प्रशिक्षकाची उपलब्धता आणि एका विमानामागे रांगेत असलेली मुले हे सगळे धरले, तर वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागणे स्वाभाविक आहे. शिवाय ते २०० तास म्हणजे केवळ घड्याळाचे तास नाहीत. अनुसूचीनुसार त्यांपैकी १०० तास उमेदवाराने स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले असावे लागतात. २० तास लांब पल्ल्याचे, आणि त्यांत एक फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेली. तसेच रात्रीच्या उड्डाणाचे किमान पाच तास, त्यांत दहा उड्डाणे व दहा अवतरणे. ३०० नॉटिकल मैल म्हणजे सुमारे ५५६ किलोमीटर. वरूडपासून पुण्याचे सरळ रेषेतले अंतर जवळपास तेवढेच भरते. तेवढे अंतर एकट्याने, नकाशा, इंधन आणि हवामान यांचा हिशेब ठेवत कापायचे, हे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलासाठी किती मोठे काम आहे, याचा विचार पालकांनी करावा.

वैद्यकीय तपासणीचा मुद्दा मी थोडक्यात घेतो, पण पैशाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. चष्मा असला तरी चालतो, नजर चष्म्याने पुरेशी सुधारत असली म्हणजे झाले. चष्मा असला की वैमानिक होता येत नाही, हा गावोगाव पसरलेला गैरसमज या संदेशाने दूर केला असेल तर ठीक. परंतु रंग ओळखण्यातला दोष, हृदयाची किंवा कानाची काही दुखणी, अशा कारणांनी मुले अपात्र ठरतात, आणि हे बहुधा ऐन वेळी कळते. म्हणून कोणत्याही संस्थेत एक रुपयाही भरण्यापूर्वी, विमान वाहतूक महासंचालनालयाने म्हणजे डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून दुसऱ्या वर्गाची, म्हणजे पहिल्या वर्गाच्या आधीची प्राथमिक तपासणी करून घ्यावी. ती काही हजारांत होते. ती न करता प्रशिक्षणाची फी भरणे म्हणजे पाणी लागते की नाही हे न पाहता बागेची रोपे आणणे आहे.

आता ज्या मुद्द्याने माझी झोप उडवली तो मुद्दा. "तास कमी पडले तर लॉगबुक जुळवून देऊ." हे वाक्य इतक्या सहजपणे लिहिले आहे की वाचणाऱ्याला ते शिष्यवृत्तीसारखे एखादे सहकार्य वाटावे. लॉगबुक हे वैमानिकाचे वैयक्तिक आणि कायदेशीर दप्तर आहे. ते ठेवण्याचे बंधन त्याच नियमावलीतल्या नियम ६७-अ ने घातले आहे. खोटी माहिती देऊन मिळवलेला परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार नियम १९ सरकारला देतो. हे अधिकार केवळ कागदावर राहिलेले नाहीत. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका दाखवून वैमानिकाचा परवाना मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली, अटका झाल्या, आणि डीजीसीएला देशभरातले परवाने तपासण्याचे काम हाती घ्यावे लागले.

खोटे तास पकडले जात नाहीत, असे हा संदेश पसरवणाऱ्यांना वाटत असेल तर ते चुकीचे आहे. प्रत्येक उड्डाणाची नोंद एकाच जागी नसते. प्रशिक्षण संस्थेच्या परवानगी पुस्तकात त्या उड्डाणाला सही असते, विमानाच्या स्वतःच्या प्रवास नोंदवहीत ते असते, इंजिनाच्या तासांत ते मोजलेले असते, इंधनाच्या पावतीत दिसते, आणि विमानतळावर टॉवर असेल तर तिथेही उरते. उमेदवाराच्या वहीत मंगळवारी सकाळी तीन तास लिहिलेले असतील आणि त्या मंगळवारी ते विमान तपासणीसाठी हँगरमध्ये उभे असेल, तर पुढचे काही विचारण्याची गरज राहत नाही. आमच्याकडे चीफ पायलट मुलाखतीला लॉगबुक घेऊन बसत, मधलेच एखादे पान उघडत आणि त्या दिवशी कोणत्या धावपट्टीवरून उड्डाण केले, वारा कुठून होता, परतताना इंधन किती उरले, असे साधे प्रश्न विचारत. ज्याने ते उड्डाण केलेले असते तो आठवून, अडखळत का होईना, बरोबर सांगतो. ज्याने केलेले नसते त्याला प्रश्नाचा रोखच कळत नाही. त्यानंतर सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरचे नकली कॉकपिट असते, आणि तिथे खोट्या तासांचा माणूस पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो.

परंतु पकडले जाणे हे यातले मोठे संकट नाही. मार्च २०२३ मध्ये आपल्याच गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेले प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगराळ जंगलात कोसळले आणि त्यात प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी असे दोघेही गेले. शिकवणारा शेजारी बसलेला असतानाही या कामात जीव जातो. माधवराव शिंदे यांना घेऊन निघालेले छोटे किंग एअर विमान ३० सप्टेंबर २००१ रोजी उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ खराब हवामानात कोसळले आणि आतले आठही जण मृत्युमुखी पडले. कॉर्पोरेट उड्डाणांत अशीच छोटी विमाने असतात, कमी सोयी असलेल्या धावपट्ट्यांवर उतरावे लागते, आणि मागे बसलेल्या माणसाला सभेची किंवा बैठकीची घाई असते. ढगात शिरल्यावर केवळ उपकरणांच्या आधारे विमान सांभाळण्याचे वेगळे रेटिंग, म्हणजे परवान्यावरची पात्रतेची नोंद, असते, त्यासाठी उपकरणांवरच्या उड्डाणाचे ४० तास लागतात. ते ४० तास कोणी पेनाने लिहून दिले, तर ढगात त्या मुलाच्या हाती काय असेल? माझ्या भाच्याला मी हाच प्रश्न विचारला, आणि फोनवर तो बराच वेळ काही बोलला नाही.

तीन लाखांच्या नोंदणी शुल्काकडे वळतो. नोकरी देणारी कंपनी अर्जासाठी पैसे घेत नाही. चौदा वर्षांत आम्ही एकाही उमेदवाराकडून असा रुपया घेतला नाही, आणि ज्या कंपन्यांशी आमचा संबंध आला त्यांनी घेतल्याचे मी पाहिले नाही. गोंधळ ज्यातून होतो ती गोष्ट मात्र खरी आहे: विशिष्ट प्रकारच्या विमानासाठी टाइप रेटिंग घ्यावे लागते, जेट विमानांच्या बाबतीत त्याला अनेक लाख रुपये लागतात, आणि कधी कंपनी तो खर्च करून काही वर्षांचा करार लिहून घेते, तर कधी तो उमेदवारालाच करावा लागतो. परंतु तो पैसा मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेला, पावतीवर, सिम्युलेटरच्या ठरलेल्या तासांसाठी जातो. हातात नियुक्ती नसताना ते रेटिंग घेऊन बसणेही शहाणपणाचे नाही, कारण सराव सुटला की त्या रेटिंगची किंमत झपाट्याने कमी होते. नोकरीच्या नावावर कोणा व्यक्तीच्या खात्यात आधी पैसे मागितले जात असतील, तर तिथे नोकरी नाही असेच समजावे.

मालकांना थेट अर्ज पाठवण्याच्या मुद्द्यात मला थोडी माघार घ्यावी लागते. मोठ्या विमान कंपन्यांत संकेतस्थळ, लेखी चाचणी, गटचर्चा असा ठरलेला मार्ग असतो. इथे तो बहुधा नसतो. एक, दोन किंवा तीन विमाने असलेली कंपनी जाहिरात क्वचितच देते. कोणी सोडून गेले, नवे विमान आले किंवा निवडणुकीचा हंगाम जवळ आला, की ओळखीतून आणि हाताशी असलेल्या अर्जांतून माणूस शोधला जातो. त्यामुळे थेट संपर्क साधणे योग्यच आहे. चूक आहे ती सर्वांना एकच पत्र आणि तेही मालकाला पाठवण्यात. मालक ते वाचत नाही. अर्ज चीफ पायलट किंवा ऑपरेशन्स प्रमुखांच्या नावे जावा. परवानाधारक नॉन-शेड्यूल्ड, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय उड्डाणे करणाऱ्या, कंपन्यांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते आणि तीत कंपनीचा पत्ता व तिच्याकडील विमानांचे प्रकार दिलेले असतात. ती यादी घेऊन बसावे, आपल्या तासांना आणि रेटिंगला साजेशी विमाने कोणाकडे आहेत ते पाहावे, आणि तेवढ्याच ठिकाणी लिहावे. फाल्कन किंवा चॅलेंजरसारखी मोठी जेट विमाने उडवणाऱ्या कंपनीला २०० तासांच्या मुलाचा अर्ज निरुपयोगी असतो. विमा कंपनीनेच तासांची किमान मर्यादा घातलेली असते. किंग एअरसारख्या विमानावर को-पायलटची जागा मात्र नव्या मुलाला कधीतरी मिळते.

अर्ज एका पानाचा असावा. त्यात सर्वांत वर एकूण तास, प्रमुख म्हणून तास, दोन इंजिनांच्या विमानाचे तास, उपकरणांवरचे तास, रात्रीचे तास, आणि शेवटचे उड्डाण कोणत्या तारखेला केले ते असावे. परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र व रेडिओ परवाना कधीपर्यंत वैध आहेत तेही असावे. माझ्या टेबलावर येणाऱ्या अर्जांपैकी निम्म्यांत ही माहिती दुसऱ्या-तिसऱ्या पानावर दडलेली असे, आणि पहिल्या पानावर लहानपणापासून आकाशाची ओढ असल्याचे वर्णन असे. मुंबई, दिल्ली किंवा हैदराबादला राहायला तयार आहोत का, हेही स्पष्ट लिहावे, कारण नागपुरात अशा जागा मोजक्याच आहेत. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, वाढलेले तास कळवणारे एक छोटे पत्र पाठवावे. दरम्यान प्रशिक्षक होण्याचे रेटिंग घेऊन एखाद्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवणे हा तास वाढवण्याचा प्रामाणिक मार्ग आहे. हे क्षेत्र इतके लहान आहे की चीफ पायलट एकमेकांना नावाने ओळखतात. एका ठिकाणी खोटे निघालेले लॉगबुक दुसऱ्या ठिकाणी पोहोचायला एक फोन पुरतो.

पगाराविषयी एवढेच सांगतो, की अनुभवी कॅप्टनला चांगला पगार मिळतो हे खरे आहे, पण पाच लाख हा नव्या को-पायलटच्या सुरुवातीचा आकडा नव्हे. या नोकरीत रात्री अकराला फोन आला की पहाटे विमान तयार ठेवावे लागते, प्रवाशांचे सामान स्वतः चढवावे लागते, आणि कोण कोणाला भेटायला कुठे गेले याबद्दल घरीही बोलायचे नसते.

भाच्याचे बारावीचे विषय भौतिकशास्त्र आणि गणितच आहेत, म्हणजे ती अट तो पूर्ण करतो. पुढच्या आठवड्यात तो नागपूरला दुसऱ्या वर्गाच्या वैद्यकीय तपासणीला जाणार आहे आणि मी त्याच्यासोबत जाणार आहे. तिचा निकाल हातात येईपर्यंत बागेच्या कुठल्याही कागदावर सही करणार नाही, असे भाऊजींनी मला सांगितले आहे.