देणगीतून पगार का नको?

सोलापुरात सात रस्त्याच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो एका फोटोवरून. कुठल्याशा फाउंडेशननं एका सरकारी रुग्णालयाला डायलिसिसची मशिनं दिली होती. फोटोत फीत, हार, पाहुणे आणि नावाची भलीमोठी पाटी.

अण्णांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. ते भडकलेच. "सरकारी दवाखाना हाय तर सरकारनं चालवावा की! आपण टॅक्स भरायलोय ना? मग हे कशाला आमच्यावर उपकार करायलेत?"

मास्तर म्हणाले, "मुंबईचं टाटा हॉस्पिटल 1941 साली कुणी काढलं, अण्णा? सर दोराबजी टाटा ट्रस्टनं. 1957 साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडं आलं, 1962 साली अणुऊर्जा खात्याकडं. आज आपल्या अक्कलकोटचा पेशंट तिथं जातो, तो काय उपकार मागायला जातो का?"

"पण पैसा देणारा अटी घालतोच की."

"घालू देत. 1926 साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचं ते सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा देणगीदारांची अट होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच पाहिजेत. इंग्रजांच्या राज्यात! असल्या अटीला कोण नाही म्हणेल?"

इथं आमचा एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी असलेला मित्र मध्ये पडला. दिवसभर दवाखान्यांतच फिरणारा माणूस, त्यामुळं त्याचं मला जास्त पटतं. "अटींचं सोडा बे. मशीन चालवणार कोण, ते बोला." मागं एका पाहुण्यांना घेऊन तो एका दवाखान्यात गेला होता (नाव नको). देणगीतलं मशीन कोपऱ्यात, वर चादर घातलेली. टेक्निशियनची जागा रिकामी. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटचा फिल्टर कधी बदलला, ते कुणालाच सांगता येईना. डायलिसिसला एका बैठकीत शंभर लिटरच्या वर शुद्ध पाणी लागतं, दर पेशंटला डायलायझर (रक्त गाळणारी नळी) आणि ट्यूबिंग लागतं. ते नसलं की लाखांचं मशीन नुसतं लोखंड. पाहुण्यांना शेवटी खाजगीत न्यावं लागलं.

2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पैसा येतोय, पण वस्तूंवर जातोय, कारण वस्तूचा फोटो निघतो. टेक्निशियनच्या पगाराचा फोटो कुठून निघणार?

मी म्हणालो, याचं खरं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे, बार्शीला. 1987 साली तिथं टाटा हॉस्पिटलच्या मदतीनं देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी, म्हणजे भागातल्या प्रत्येक कर्करोग पेशंटची नोंद ठेवण्याचं काम, सुरू झाली. खेड्यात दवाखान्याचा कागद कुठला असायला? म्हणून कार्यकर्ते गावोगाव जायचे, लोकांना लक्षणं समजावून सांगायचे, संशयित पेशंट शोधून तपासणीला आणायचे. हे काम मशीन करत नाही. त्याला वर्षानुवर्षं पगारी माणूस लागतो.

पुढं 1999 पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठी चाचणी झाली. गावांचे 52 गट, 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायका. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. पैसा गेट्स फाउंडेशनचा. निकाल 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीनमध्ये आला: एकदाच एचपीव्ही (हा कर्करोग ज्यानं होतो तो विषाणू) तपासणी केलेल्या गटात या कर्करोगानं 34 मृत्यू, तपासणी न केलेल्या गटात 64. आज जागतिक आरोग्य संघटना हीच तपासणी आधी करा म्हणते. आपल्याकडच्या शेतमजूर बायांमुळं जग शहाणं झालं, आणि सोलापुरात ते किती जणांना माहीत आहे?

मास्तरांनी लगेच अडवलं. "ज्या गटाची तपासणी केली नाही, त्या बायांचं काय?" प्रश्न रास्त आहे. या चाचणीवर ती टीका झालीच, आणि व्हायलाच हवी होती. तेव्हा तिथं नेहमीच्या सेवेत तपासणी नव्हतीच, असं संशोधकांचं म्हणणं. मला ते पुरेसं वाटत नाही. पैसा बाहेरचा असला तरी गावातल्या बाईला काय मिळणार आणि काय नाही, हे तिला तिच्या भाषेत आधी कळलंच पाहिजे. संशोधनाच्या देणगीत पहिली अट हीच हवी. पण त्यासाठी संशोधनच नको, हे मला मान्य नाही.

आपल्या सिव्हिललाही मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे. जिल्ह्याचा आणि कर्नाटकातल्या सीमेवरचाही पेशंट तिथं येतो. तिथं नोंदी ठेवणारा, पेशंटला फोन करून परत बोलावणारा एक माणूस पाच वर्षं टिकला, तर तिथल्या पोरांना शिकायला आणि शोधायला केवढं मिळेल!

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एका टेक्निशियनचा वर्षाचा पगार किती होतोय बे?" एमआरनं आकडा सांगितला. अण्णांनी तो पाचनं गुणला आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात आमच्या कारखानदारांची बैठक आहे, तिथं विषय काढतो; पण हिशेब दर सहा महिन्यांनी कागदावर पाहिजे. तो कागद कोण देणार, यावर मास्तर परत सुरू झाले.