सफन्याचा शेवट मागाहून चिकटवलेला आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

बायबलच्या जुन्या करारातल्या सफन्या संदेष्ट्याच्या छोट्या पुस्तकावर मी लेख लिहिला होता. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: सफन्याच्या पहिल्या अध्यायात परमेश्वर भूतलावरचं सगळं नाहीसं करायला निघतो आणि तिसऱ्यात सीयोनेसाठी, म्हणजे यरुशलेमसाठी, आनंदाने गातो. तेव्हा हा गोड शेवट कुणीतरी नंतर चिकटवलाय आणि लेखात मी ती फट बुजवली.

पहिल्या अध्यायाची भाषा जगबुडीची आहे, यात वाद नाही. माणसं, पशू, पक्षी, मासे असा, बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात जग निर्माण झालं त्याच्या उलटा क्रम लावलाय. पण दोन वचनं पुढे गेलात की निशाणा कळतो: धाब्यांवर चढून ताऱ्यांना दंडवत घालणारे, परदेशी पेहरावात मिरवणारे राजपुत्र, जुलमाच्या नि लबाडीच्या मिळकतीने धन्याचं घर भरणारे, चांदी तोलणारे व्यापारी. वचन १२ मध्ये परमेश्वर दिवे घेऊन यरुशलेम धुंडाळतो. सरसकट बुडवायचंच असतं तर दिवे कशाला? शोधतो कुणाला, तर न हलवलेल्या द्राक्षारसासारखे गाळावर बसलेल्यांना. परमेश्वर बरंही करत नाही आणि वाईटही करत नाही, असं मनाशी म्हणणारे हे लोक.

दुसऱ्या अध्यायात शेजारच्या राष्ट्रांवर शापवाण्या येतात: पश्चिमेची पलिष्टी नगरं, पूर्वेचे मवाब-अम्मोन, दक्षिणेचा कूश (एका वचनात उरकलेला) आणि उत्तरेचा अश्शूर. यरुशलेमकर खुशीत मान डोलावत असणार. अश्शूरची राजधानी निनवे, तिचा निकाल लागतो आणि लगेच ‘जुलमी नगरी’चा धिक्कार सुरू होतो. ऐकणाऱ्याला वाटावं, अजून निनवेच चाललंय. मग येतं की तिने आपल्या देवावर भरवसा ठेवला नाही. अरे, ही तर यरुशलेम! अध्यायांची विभागणी कित्येक शतकांनंतरची, आणि तिने नेमकी ही कलाटणी कापली. २:१३ ते ३:१३ (अध्याय २, वचन १३ पासून अध्याय ३, वचन १३ पर्यंत) एका दमात वाचून पाहा.

शिक्षा आणि गाणं यांना जोडणारा सांधा तिसऱ्या अध्यायात आहे. तिथे नगरीच्या आत कोण आहे, याचीच झाडाझडती चालते. वचन ३: सरदार म्हणजे गर्जणारे सिंह, न्यायाधीश म्हणजे संध्याकाळचे लांडगे. वचन ५: आत परमेश्वरही आहे आणि तो रोज सकाळी न्याय उजेडात आणतो. वचन ११: गर्वाने उन्मत्त झालेल्यांना तो आतून काढणार. १२: दीन, दुबळे लोक आत ठेवणार. त्यानंतर १५ आणि १७ मध्ये परमेश्वर राजा म्हणून त्यांच्यामध्ये असतो, आणि गाणं तिथे येतं. शिक्षा दूर केल्याचं १५ मध्ये येतं, पण ११ मध्ये उन्मत्तांना काढल्यानंतरच. ११-१२ गाळून थेट १७ वाचलं की मात्र ते अधांतरी वाटणारच, आणि आपल्याकडे बहुतेकदा तसंच वाचतात.

शेवटच्या वचनांतली पांगलेल्यांना गोळा करण्याची भाषा इ.स.पू. ५८६ नंतरचीच, म्हणजे बाबेलने यरुशलेम पाडून लोकांना नेल्यानंतरची, हा तर्क पुष्कळ अभ्यासक करतात. १९-२० वर नंतर हात फिरला असेल, मला त्याचं वावडं नाही. पण पांगापांग बाबेलपासून सुरू झालेली नाही. सफन्याच्या काळचा राजा योशीया, इ.स.पू. ६४० ते ६०९. उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन त्याआधीच, ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या हाती पडली होती. ७०१ च्या स्वारीत यहूदातून, म्हणजे यरुशलेमच्या दक्षिणी राज्यातून, २,००,१५० माणसं नेल्याचा दावा अश्शूरचा राजा सन्हेरीब याने स्वतःच्या वृत्तान्तात केलाय. आकडा फुगवलेला धरला तरी घरदार सुटलेली माणसं योशीयाच्या काळी नव्हती, असं म्हणता येत नाही.

आणि दिलासा शेवटीच येतो म्हणताना तुमच्या नजरेतून २:३ सुटलं. शापवाण्यांच्या ऐन मध्यावर देशातल्या दीनांना सांगितलंय की न्यायीपणा शोधा, नम्रता शोधा, म्हणजे क्रोधाच्या दिवशी कदाचित तुम्हाला आसरा मिळेल. तारणाचा धागा तिथेच सुरू होतो, आणि तोही हमीशिवाय.